पहिल्या आज्ञेचा विद्यार्थी : नारायण वामन टिळक

शब्बाथ शाळेत दहा आज्ञांचा पाठ निघाला की मुले दुसऱ्या आज्ञेवर मोठ्या उत्साहाने बोलतात. कोरीव मूर्ती करायची नाही, तिच्या पाया पडायचे नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. आमच्या बालाघाटसारख्या ठिकाणी उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. मुले शेजारच्या घराकडे बोट दाखवतात आणि मोकळी होतात. पहिल्या आज्ञेचा प्रश्न विचारला की मात्र वर्ग थंडावतो. त्या आज्ञेत दगडाचा उल्लेख नाही, लाकडाचा नाही, धातूचाही नाही. तेव्हा बोट कोणाकडे दाखवावे हे मुलांना कळत नाही, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही कळत नाही. निर्गमाचा विसावा अध्याय उघडून तिसरे वचन आणि चौथे वचन शेजारी शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे आमचे म्हणणे ध्यानात येईल.

ह्या दोन आज्ञांमधले अंतर समजावून घ्यायला आपल्या मराठी मंडळीतील एका थोर पुरुषाचे चरित्र फार उपयोगी पडते. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. उपासना संगीतात त्यांचे नाव दिसत नाही अशी पाने थोडी. त्यांची दोनशेहून अधिक गीते मराठी मंडळ्या गात आल्या आहेत. परंतु गीते गाताना गाणाऱ्याचे चरित्र मागे पडते. मूर्तिपूजा टिळकांनी बाप्तिस्म्याच्या आधीच मनाने सोडली होती. दुसरी आज्ञा त्यांनी ख्रिस्ती होण्यापूर्वीच मान्य केली होती, असे म्हटले तरी चालेल. पहिली आज्ञा शिकण्यात मात्र त्यांचे उरलेले आयुष्य गेले.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने फार कडक. आई जानकीबाई कोमल मनाची होती. काव्याचा नाद मुलाला तिच्याकडूनच लागला. ती लवकर वारली, आणि आईवाचून त्या घरात मुलाचे मन रमेना. तो नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्याजवळ त्याने संस्कृताचे अध्ययन केले. थोडे इंग्रजीही तो शिकला, पण संसारामुळे शिक्षण पुरे झाले नाही. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मुलगी मनकर्णिका, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाई, त्यांची पत्नी झाली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुढची काही वर्षे ह्या गावाहून त्या गावी अशी गेली. कोठे शिक्षकाची नोकरी केली, कोठे पुराण सांगितले, कोठे कीर्तन केले. टिळक एका जागी टिकत नसत आणि पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. घरात काय आहे नि काय नाही ह्याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी ठेवायचा, असा प्रकार होता.

ह्या भटकंतीत ते नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी हे तेथील मोठे सधन गृहस्थ. वैदिक वाङ्मयाच्या प्रकाशनाचे काम त्यांनी हाती घेतले होते. त्या कामावर टिळक लागले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालवू लागले. येथे त्यांच्या मनाची घडण आपण नीट पाहिली पाहिजे. टिळक हाडाचे देशभक्त होते. देश कशाने खालावला आणि कशाने वर येईल, हा विचार त्यांना रात्रंदिवस छळी. जातिभेदाने समाजाची शकले झाली आहेत आणि मूर्तिपूजेने धर्म बाहेरच्या आचारात अडकला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. देव एक आहे, तो सर्वांचा उत्पन्नकर्ता आहे, सर्व माणसे त्याच्यापुढे सारखी आहेत, असा काही नवा धर्म ह्या देशाला मिळाला पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. त्या धर्माची तत्त्वेही त्यांनी आपल्या मनाशी जुळवून ठेवली होती.

वाचकांनी येथे जरा थांबावे. हा मनुष्य मूर्ती मानीत नव्हता. जात मनातून उतरली होती. एका निराकार देवाची गोष्ट तो बोलत होता. आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की आता फक्त बाप्तिस्मा राहिला. आमचे मत निराळे आहे. त्या नव्या धर्मात देव होता खरा, पण तो देशाच्या कामी यावा म्हणून होता. सिंहासनावर देश बसला होता आणि देवाला त्याच्या चाकरीत नेमले होते. देशप्रीती ही वाईट वस्तू आहे असे आम्ही म्हणत नाही. ती चांगली वस्तू आहे, आणि अडचण तेथेच आहे. वाईट वस्तूला सिंहासनावर बसवायला सज्जन मनुष्य सहसा धजत नाही.

नागपूरचे काम संपले. राजनांदगाव संस्थानात नोकरीची सोय झाली, म्हणून 1893 साली टिळक नागपूरहून आगगाडीने निघाले. ही वाट आमच्या लोकांच्या चांगल्या परिचयाची आहे. बालाघाटवरून वाहत येणारी वैनगंगा ओलांडून ती गोंदियाला येते, आणि तेथून डोंगरगडावरून राजनांदगावला जाते. बालाघाटला त्या वेळी रेल्वे आली नव्हती. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातील इतकी मोठी घटना आपल्या अंगणावरून गेली, हे आपल्यापैकी कितीकांना ठाऊक असेल?

गाडीच्या डब्यात एक गोरे गृहस्थ बसले होते. त्यांचे नाव अर्नेस्ट वॉर्ड. ते फ्री मेथडिस्ट मिशनचे मिशनरी होते. साहेब लोक एतद्देशीयांशी कसे वागतात ह्याचा टिळकांना अनुभव होता, म्हणून ते बहुधा तयारीनेच बसले असतील. पण वॉर्डसाहेबांनी त्यांना आदराने वागवले. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि हळूहळू धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी वॉर्डसाहेबांनी त्यांना नवा करार दिला, वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते पटण्यासारखे नव्हते. परंतु शब्द दिला होता. आमच्या मते ह्या प्रसंगात वॉर्डसाहेबांच्या भाकितापेक्षा त्यांची सभ्यता मोठी. त्या डब्यात त्यांनी मूर्तीवर वाद घातला असता, तर टिळकांसारख्या शास्त्री माणसाने तो वाद जिंकला असता आणि पुस्तक घेतलेही नसते.

राजनांदगावच्या गादीवर वैष्णव बैरागी महंतांचे घराणे होते. त्या संस्थानात राहून टिळकांनी नवा करार उघडला. दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते पेन्सिलीने खुणा करीत वाचू लागले. आरंभी मन लागेना. मत्तयाचा पाचवा अध्याय आला, डोंगरावरील प्रवचन सुरू झाले, आणि पुस्तक खाली ठेवणे त्यांना कठीण झाले. ते प्रवचन मूर्तीविषयी काही सांगत नाही. मूर्ती न मानणाऱ्या यहूदी लोकांपुढेच ते केलेले आहे. धन, मान, उद्याची काळजी, लोकांनी पाहावे म्हणून केलेली प्रार्थना, ह्यांचाच तेथे समाचार घेतला आहे. दोन धन्यांची चाकरी आणि आधी देवाचे राज्य मिळवण्याची गोष्ट ह्याच प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. नव्या धर्माची तत्त्वे जुळवीत बसलेल्या माणसाच्या हाती हे पडले. देशासाठी धर्म शोधायला तो निघाला होता. आता त्याच्या समोर एक जिवंत धनी उभा राहिला, आणि तो धनी कोणाच्याही योजनेत नोकरी पत्करणारा नव्हता.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस, अमेरिकन मिशनच्या मंदिरात, टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो रेव्हरंड तुकारामजी नथोजी ह्या भारतीय पाळकाच्या हातून झाला. आपल्या देशबांधवाच्याच हातून बाप्तिस्मा घ्यावा अशी टिळकांची इच्छा होती. देश त्यांनी टाकला नव्हता. त्याची जागा तेवढी बदलली होती.

आता आम्ही अशा भागाकडे येतो, की जो सांगताना पुष्कळ उपदेशक घाई करतात. टिळकांनी ख्रिस्तासाठी बायकोमुलाचा त्याग केला, असे एका वाक्यात सांगून ते पुढे जातात. लूकच्या चौदाव्या अध्यायातील सव्विसावे वचन घेतले आणि उदाहरण म्हणून टिळकांचे नाव जोडले, की उपदेश पुरा झाला. खरी हकीकत इतकी सोपी नाही.

बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्या आपल्या माणसांत होत्या आणि मुलगा दत्तू चारेक वर्षांचा होता. बातमी ऐकून त्यांची काय अवस्था झाली हे त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ ह्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. वेड लागण्याची पाळी आली. जीव द्यावा असेही मनात आले. नवरा जिवंत असून संसार मोडला, आणि तो त्यांच्या कोणत्याही अपराधावाचून मोडला. आप्तांनी त्यांना सांभाळले. पंढरपुरात त्या बहीण-मेहुण्यांच्या आधाराने राहिल्या. अशी चार-साडेचार वर्षे गेली. हा भार टिळकांनी उचलला तितकाच लक्ष्मीबाईंनी उचलला, आणि त्यांना तर तो कोणी विचारून दिला नव्हता. देवाला प्रथम स्थान देणाऱ्या माणसाच्या घरी त्याची किंमत दुसराच कोणी मोजत असतो, हे आपण विसरू नये. टिळकांच्या थोरवीला ह्यामुळे उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही. पण लक्ष्मीबाईंचे दुःख झाकून ती थोरवी सांगणे बरे नव्हे.

आणखी एक गोष्ट. त्या काळी 1866 सालचा एक कायदा होता. धर्मांतर केल्यामुळे ज्याची पत्नी त्याला सोडून राहते, अशा ख्रिस्ती माणसाला न्यायालयातून विवाह मोडून घेऊन दुसरे लग्न करण्याची वाट त्या कायद्याने मोकळी होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटी घेत राहिले आणि वाट पाहत राहिले. स्वभाव तापट, सबुरी अंगी कमीच. तरी ह्या एका बाबतीत त्यांनी विलक्षण धीर धरला. शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला आल्या. त्या आल्या त्या आपले सोवळे-ओवळे घेऊन आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. ख्रिस्ती पाळकवर्गात वावरणाऱ्या टिळकांनी त्यांना तसे राहू दिले आणि धर्माविषयी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या विचाराने आधी जातिभेद सोडला, पुढे ख्रिस्ताला ओळखले, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

अब्राहामाने इसहाकाला मोरिया डोंगरावर नेले आणि तो परत मिळाला, ही कथा आपण उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात वाचतो. टिळकांनाही त्यांचे माणूस परत मिळाले. परंतु अब्राहामाला तीन दिवस चालावे लागले, टिळकांना चार वर्षांवर. आणि इसहाकाच्या मनातून ते तीन दिवस कसे गेले हे शास्त्रात लिहिलेले नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र आपले लिहून ठेवले आहे. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या प्रत्येक मंडळीच्या वाचनालयात असावे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

टिळकांचे दुसरे लाडके धन म्हणजे कविता. फुलांमुलांचे कवी म्हणून मराठी वाङ्मयात त्यांची ख्याती आहे, आणि ती ख्याती ख्रिस्ती समाजापुरती नाही. ख्रिस्ती झाल्यावर पुष्कळ जुने स्नेही दुरावले, निंदा झाली, तरी त्यांची कविता महाराष्ट्राने वाचली. अहमदनगरच्या त्यांच्या घरात अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे ह्यांची नेहमी वर्दळ असे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, ते तर त्या घरी मुलासारखे राहिले. बालकवींनी ख्रिस्ती व्हावे म्हणून तेथे त्यांच्यावर कोणी दडपण आणले नाही. कविता हे टिळकांच्या हृदयात पहिल्या जागेवर बसू शकेल असे दैवत होते. लोकांची वाहवा ही कवीला लागणारी नशा आहे. कवी ख्रिस्ती असला म्हणून ती त्याला चढत नाही असे नाही. पण हळूहळू त्यांची लेखणी भजनांकडे आणि अभंगांकडे वळत गेली. संत तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. म्हणून महाराष्ट्राची जी जुनी भक्तीची वाट, तिच्यानेच त्यांनी मंडळीला चालवले. परक्या चालींवर भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी टाळ, अभंग आणि कीर्तन दिले. पुढे ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगावे म्हणून ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले.

शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवण्याची जी आपल्याला सवय आहे, तिला टिळकांच्या ह्या गीतांमध्ये कोठे जागा आहे का, हे शिक्षकांनी एकदा शोधून पाहावे. ज्या घरातून ते आले त्या घराची त्यांनी कुचेष्टा केली नाही. त्यांच्या गीतांत मूर्तीची निंदा क्वचितच भेटेल. ख्रिस्ताची ओढ मात्र पानोपानी आहे.

अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात टिळकांची वीसहून अधिक वर्षे गेली. अहमदनगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी शिकवले. 1842 साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांनी 1912 पासून केले. मान होता, घर होते, ठरलेला पगार होता. कुटुंबालाही थोडे स्थैर्य आले होते. आणि 1917 साली त्यांनी हे सारे सोडले. मिशनचा राजीनामा दिला, पगार बंद केला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचे ठरवले, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांची एक बंधुसंगती उभारण्याच्या उद्योगाला लागले.

हे त्यांनी का केले? मिशनशी भांडण झाले म्हणून नव्हे. तेथील मित्रांवर त्यांचे प्रेम शेवटपर्यंत होते. परदेशी पैशावर चालणाऱ्या कामामुळे ख्रिस्त लोकांना परका दिसतो, आणि पगारी सेवकाचे तोंड नकळत धन्याऐवजी पगाराकडे वळते, अशी त्यांची खंत होती. येथे आम्हांस 2 राजे ह्याच्या अठराव्या अध्यायातील पितळेच्या सर्पाची आठवण होते. तो सर्प देवाच्या सांगण्यावरून मोशेने केला होता. त्याच्याकडे पाहून रानात लोक वाचले होते. इतकी पवित्र वस्तू, पण शेकडो वर्षांनी लोक तिच्यापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाला ती फोडावी लागली. देवाचे काम हेच देव होऊन बसते, ही आपत्ती मंदिराबाहेरच्या माणसावर येत नाही. ती पाळकावर येते, मंडळीच्या पंचावर येते, आणि पंधरा वर्षे एकच वर्ग चालवणाऱ्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकावर तर हमखास येते.

सर्वच ख्रिस्ती सेवकांनी पगार सोडावा असा ह्याचा अर्थ आम्ही घेत नाही. पौलाने तंबू शिवले, तसेच सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी असेही त्यानेच लिहिले. 1917 च्या निर्णयात टिळकांचा उतावीळ स्वभावही थोडा असेल. साताऱ्यास पगारावाचून घर चालवताना लक्ष्मीबाईंवर पुन्हा कोणता प्रसंग आला असेल, हे सांगायला नको. फरक इतकाच की ह्या वेळी त्या बरोबर होत्या. 1895 साली त्यांना मागे ठेवून टिळक गेले होते. 1917 साली दोघे मिळून गेले. आमच्या दृष्टीने त्या बावीस वर्षांत टिळक जे शिकले त्यात ही गोष्ट लहान नाही.

‘देवाचा दरबार’ फार मोठा झाला नाही. त्याला टिळकांचे आयुष्य पुरले नाही. दोन वर्षांच्या आत त्यांची प्रकृती ढासळली, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 9 मे 1919 रोजी ते प्रभूकडे गेले. वय सत्तावन्न. आपल्या देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्या काळच्या प्रॉटेस्टंट मंडळीला हे नवलच होते. तरी ती इच्छा पाळण्यात आली, आणि अस्थी अहमदनगरला नेऊन ठेवण्यात आल्या.

‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. टिळकांच्या हातून दहा-साडेदहा अध्याय झाले होते. ज्या बाईला लग्नाच्या वेळी धड अक्षरओळखही नव्हती, जिच्या संसाराची ह्या नव्या धर्मामुळे एकदा राख झाली होती, तिने ते काम उचलले. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या वारल्या तेव्हाही शेवट राहिलाच होता. तो चिरंजीव देवदत्तांनी, म्हणजे त्या लहानग्या दत्तूने लिहिला, आणि 1938 साली ग्रंथ छापून बाहेर पडला.